आधी धूर, मग चहा

इंग्लंडातल्या आमच्या बेकप गावात कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणालात, तर तुमचं त्या घराशी काहीतरी बिनसलंय असं धरून चालतात. विल्फ ऑर्मरॉड पंचेचाळीस वर्षं घरोघरी जाऊन चहा नको म्हणत आला, आणि तरी गावात त्याच्याइतका लाडका माणूस नव्हता. कायमचा नको नव्हे. बाईनं किटलीला हात घातला की हा दारातूनच सुनवायचा, "आधी धूर, मग चहा!" लहान पोरंसुद्धा त्याची व्हॅन दिसली की हेच ओरडायची.

विल्फ गॅसवाला. भाड्यानं दिलेल्या घरातली गॅसची शेगडी, बॉयलर, जे काय असेल ते घरमालकानं दरवर्षी नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासून घ्यायचं आणि तपासल्याचा दाखला भाडेकरूच्या हातात द्यायचा, असा कायदा आहे. कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. पाळायचा कसा, ते विल्फकडून शिकावं. आमच्या गल्ल्यांमधली घरं दगडी, एकाला एक चिकटलेली, आणि बैठकीच्या भिंतीत, पूर्वी जिथे कोळसा जळायचा तिथे, ऊब घ्यायची गॅसची शेगडी बसवलेली. धूर जुन्याच धुरांड्यातून वर जातो. जातो असं आपण समजतो. विल्फ समजून चालायचा नाही. तो शेगडी भिंतीतून पूर्ण बाहेर काढायचा, मागच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालायचा. वसंतात छोटे कावळे धुरांड्यात काटक्या टाकून घरटं करतात. एकेका घरातून त्यानं बादलीभर काटक्या काढून बाईच्या पुढ्यात ठेवल्यात. मग शेगडी परत बसवून पेटवायची, दारं-खिडक्या लावायच्या, पाच मिनिटं थांबायचं, आणि धुराची काडी पेटवून शेगडीच्या ओठापाशी धरायची. धूर सरसर आत ओढला जाऊन वर गेला, की चहा. खोलीत परतला, की गॅस बंद, शेगडीवर लाल चिठ्ठी, आणि मग रडा, भांडा, पाया पडा, उपयोग नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची शेगडी त्यानं ऐन डिसेंबरात बंद केली. ती अजून त्याला शिव्या देते. जिवंत आहे म्हणून देते.

मी ग्लेनिस. नळजोडणीच्या सामानाच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरवर आहे. पाइप, कोपरे, वायसर, आणि दाखल्यांची बुकं. एका बुकात पंचवीस दाखले, प्रत्येकाच्या तीन प्रती: पांढरी मालकाला, पिवळी भाडेकरूला, गुलाबी तपासणाऱ्याकडे. खाली सही आणि नोंदणीचा नंबर. मी काही गॅसमधली तज्ज्ञ नाही, पण बावीस वर्षं गॅसवाल्यांची बडबड ऐकली की पाण्यात राहून दगडालाही पोहता येतं.

विल्फचं दुसरं वेड म्हणजे कार्ड. नोंदणीवाले एक कार्ड देतात. पुढे फोटो, आणि मागच्या बाजूला, हा माणूस कशाकशाला हात लावू शकतो त्याची यादी. दर पाच वर्षांनी परीक्षा परत द्यायची, नाहीतर यादी गेली. विल्फ प्रत्येक भाडेकरूला सांगायचा, "पुढचा फोटो बघून काय करणार? फोटोत तर मीसुद्धा देखणा दिसतो. उलटून बघा! आणि कार्ड नसेल त्याला दारातूनच वाटेला लावा, मग तो मी असलो तरी." गावातल्या म्हाताऱ्यांना त्याचं हे पाठ झालं होतं. टॉड गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एंटविसलबाई तर दाराची साखळी न काढता फटीतून हात बाहेर काढायच्या. कार्ड हातात घेणार, चष्मा लावणार, उलटून मागची यादी मोठ्यानं वाचणार, आणि मगच साखळी निघणार. विल्फ लहानपणी चॅपलमध्ये त्यांच्याच रविवारच्या वर्गात होता. "मी तुला वाचायला शिकवलं," त्या म्हणायच्या, "आणि तू मला काय वाचायचं ते शिकवलंस." यावर विल्फ लाजायचा, साठीचा माणूस.

आता डेझमंड रॉथवेलबद्दल सांगते, आणि सांगताना तोंड कडू होतं.

डेझमंड आणि विल्फ सोळाव्या वर्षी एकाच दिवशी गॅसखात्यात लागले. डेझमंडला चहा आधी लागे, बिस्किटं सोबत, आणि गप्पा न मागता. दुकानात आला की दुकान उजळायचं. मीही त्याच्यावर जीव टाकायची, खोटं कशाला बोलू? आणि त्यानं केलं तेही खोटं नव्हतं. विल्फची बायको डोरीन गेली त्या वर्षी अकरा आठवडे विल्फ तिच्या उशाशी होता, आणि ते अकरा आठवडे डेझमंडनं स्वतःची कामं उरकून विल्फची सगळी घरं केली. कुणाला कळू दिलं नाही. विल्फला तर अंत्यविधीनंतर कळलं. तेव्हापासून डेझमंडनं काही मागावं आणि विल्फनं नाही म्हणावं, हे शक्यच नव्हतं.

त्यानं मागितलं ते मार्चच्या सुरुवातीला, माझ्याच काउंटरवर.

"गड्या, गुडघ्यानं घात केला," डेझमंड म्हणाला. गुडघ्याची शस्त्रक्रिया खरीच झाली होती, काठी होती हातात. "परीक्षेची तारीख हुकली. पुढची सहा आठवड्यांनी. माझं कार्ड गेल्या सोमवारी संपलं. आणि टॉड गल्लीकडची घरं ज्यानं यंदा विकत घेतली, त्या नव्या मालकाची पंचवीस घरं मार्चअखेर व्हायला हवीत, नाहीतर तो दुसरा माणूस धरणार. एकदा धरला की गेलंच."

"मी करतो ना तुझी घरं," विल्फ म्हणाला.

"तुझी स्वतःची कधी करणार? आणि हात काय परीक्षेत असतात का रे? हात माझेच आहेत. तू फक्त सही दे."

याच विल्फनं स्वतःच्या भाच्याला, कार्ड येण्याआधी एका बॉयलरला हात लावला म्हणून, चार माणसांत झापलं होतं. मला वाटलं आता डेझमंडचीही पूजा बांधतो. पण डेझमंड नुसता त्याच्याकडे बघत राहिला, आणि डोरीनचं नाव न घेताही ते नाव तिथे होतं.

"ग्लेनिस, एक बुक दे," विल्फ म्हणाला. "आणि पेन."

त्यानं पंचवीसच्या पंचवीस कोऱ्या दाखल्यांवर सह्या केल्या. नंबर घातला. मी काय केलं? मी विनोद केला. म्हटलं, "एवढ्या सह्या लग्नाच्या वहीत केल्या असत्यास तर एव्हाना जनानखाना झाला असता तुझा." डेझमंड खदखदून हसला. विल्फ हसला नाही.

"शेगडी बाहेर काढायची, डेझ. प्रत्येक घरी. धूर बघायचा. जरा शंका आली की मला बोलवायचं."

"अरे आपण एकाच दिवशी शिकलो, मला काय शिकवतोस!" म्हणत त्यानं बुक काखेत मारलं. जाताना काउंटरवरची माझी दोन बिस्किटंही उचलली.

नऊ दिवसांनी बुक परत आलं. डेझमंड घाईत होता, विल्फला दे म्हणून माझ्याकडे टाकून गेला. दुपारी विल्फ आला आणि उभ्याउभ्याच गुलाबी प्रती चाळायला लागला. पंचवीस घरं, नऊ दिवस, एक दुखरा गुडघा. हा हिशेब मलाही जमत होता. विल्फचा अंगठा एका रकान्यावरून खाली खाली सरकत होता. शेगडी पेटल्यावर गॅसचा दाब किती, तो तिथे लिहायचा असतो. शेगड्या निरनिराळ्या, कुणी जुनी, कुणी नवी, कुणाचा पाइप लांब; आकडा घरोघरी थोडा इकडे-तिकडे होतोच. या पंचवीस घरांत आकडा एकच होता. दशांशासकट.

त्यानं माझ्याच फोनवरून डेझमंडला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू आली.

"सगळीकडे सारखाच कसा रे?... नाही, तसं नाही... नाही नाही, डेझ, मी कुठे म्हणतोय... आहे रे, विश्वास आहे."

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, डोरीनच्या वेळी मी तुझी घरं केली, तेव्हा तू आकडे मागितले होतेस का?"

त्यानं बुक पिशवीत टाकलं आणि वायसर न घेताच गेला. त्यासाठीच आला होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, मला बाजारात एंटविसलबाई भेटल्या. चीजच्या गाड्याला धरून उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"डोकं गं, ग्लेनिस. दहा दिवस झाले. पायांत जीव नाही. आणि गंमत अशी, की बाहेर पडले की बरं वाटतं. रविवारी चॅपलमध्ये तर मी ठणठणीत होते, तीन भजनं उभ्यानं म्हटली. घरी येऊन शेगडीपाशी बसले की परत तेच."

"फ्लूची साथ आहे," मी म्हटलं. हे मीच म्हटलं. "घरात उबेला बसा."

"शेगडीचा विषारी वायूबियू तर नाही ना, असं मनात आलं होतं माझ्या. पण म्हटलं, छे. विल्फचा दाखला आहे ना. पंधरवड्यापूर्वीच झालाय. फ्रिजवर लावलाय."

"मग झालं तर," मी म्हटलं.

ती सही कशी झाली हे मला माहीत होतं. तो सारखा आकडा मी पाहिला होता. बुधवारी बाजारात मी हे दोन्ही जोडलं नाही, की जोडायचं टाळलं, हे मला आजही सांगता येत नाही. चॅपलमध्ये बरं वाटतं आणि घरी डोकं धरतं, हे विल्फनं शंभरदा सांगितलेलं लक्षण. मी पाव किलो चीज घेऊन घरी आले.

शुक्रवारी सकाळी शेजारणीला त्या खुर्चीत सापडल्या. शेगडी पेटलेली, खिडक्या बंद. जिवंत होत्या. हवाई रुग्णवाहिका आमच्या क्रिकेटच्या मैदानावर उतरली.

गॅस तोडणारे आले, मग चौकशीवाले आले, आणि दाखल्यावर नाव विल्फचं म्हणून त्यालाही बोलावलं. त्याच्यासमोर त्यांनी शेगडी भिंतीतून काढली. मागची पोकळी काटक्यांनी ठासून भरली होती. काटक्या वाळलेल्या, धुळीनं माखलेल्या. या वर्षीचं घरटं नव्हतंच ते, गेल्या वसंतातलं होतं, हिवाळाभर थोडं थोडं खचत आता पुरतं खाली बसलेलं. म्हणजे मार्चमध्ये ज्या कुणी ती शेगडी फक्त बाहेर ओढली असती, त्याला दिसलं असतं. विल्फ तिथून सरळ दुकानात आला. काउंटरला टेकून उभा राहिला. त्याच्या कोटाला काटकीचा एक तुकडा चिकटला होता, तो मी काढला.

"त्यानं शेगडी हलवलीसुद्धा नाही, ग्लेनिस," तो म्हणाला. "शेजारीण सांगत होती. चहा घेतला त्यानं. दोन कप. केक खाल्ला. दाखला लिहिला, आणि गेला."

पुढच्या आठवड्यात उरलेलं बाहेर आलं. बाकीच्या चोवीस घरांपैकी अठरांत कुणी गेलंच नव्हतं. आणि परीक्षा? चौकशीवाल्या बाईनं विल्फला सांगितलं, की डेझमंड रॉथवेल यांनी परीक्षेची तारीख कधी घेतलेलीच नाही. त्यांचं कार्ड गेल्या सोमवारी नव्हे, तीन वर्षांपूर्वी संपलं. विल्फनं तिला परत विचारलं, "तीन आठवडे?" ती म्हणाली, "वर्षं, ऑर्मरॉडसाहेब." मला वाटतं विल्फ मोडला तो काटक्या बघून नाही, तिथे मोडला. त्या तीन वर्षांत दोघांनी दर शुक्रवारी एकत्र बिअर घेतली होती.

आणि तरी डेझमंडचं झालं नव्हतं. एके सकाळी तो दुकानात आला. काठी नव्हती.

"राणी," तो म्हणाला, "तू त्या दिवशी काही पाहिलं नाहीस हं."

"काय नाही पाहिलं?"

"मी सांगितलंय की घरं विल्फनं तपासली. मी फक्त कागद पोचवले. गुडघा असा, मी कसा वाकणार? सही त्याची, नंबर त्याचा. तू बोलली नाहीस तर कुणाचं काही जात नाही."

"विल्फचं जातं."

"त्याचं तसंही जाणारच आहे गं. दोघं बुडायची काय गरज?"

बावीस वर्षांत मी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी दुकानातली माणसं मागच्या गोदामातून धावत आली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण शेवट असा होता: "डोरीनच्या नावावर तू अकरा आठवडे कमावलेस, मेल्या, आणि सगळे एका दिवसात खाल्लेस! हो बाहेर, आणि ती बिस्किटं खाली ठेव!" हातात बिस्किट होतंच त्याच्या.

दुपारीच मी जबाब दिला. कोरं बुक, माझं पेन, पंचवीस सह्या, माझा विनोद, सगळं. वाटलं, मी विल्फला वाचवतेय. पण विल्फनं माझ्याआधीच सांगून टाकलं होतं. त्याच्या वकिलानं सुचवलं होतं म्हणे, की सह्या बनावट आहेत म्हणा, कोण सिद्ध करणार? विल्फनं लिहून दिलं, "सही माझी. कोऱ्या कागदावर केली. आकडे पाहून संशय आला होता, तरी गप्प बसलो." या शेवटच्या वाक्याची त्याला गरज नव्हती. ते कुणीही विचारलं नव्हतं.

डेझमंडला आठ महिन्यांची कैद झाली. विल्फला दोनशे तास सार्वजनिक काम, आणि नोंदणी रद्द. कार्ड त्यानं पोस्टानं परत पाठवलं. पाकीट माझ्याकडूनच नेलं. सबंध उन्हाळा तो बागेचे कठडे रंगवत होता, आणि येणारीजाणारी मान फिरवायची. काहीजण त्याला म्हणायचे, "डेझमंडनं तुला फसवलं, विल्फ, तुझा काय दोष?" त्याचा चेहरा तेव्हा आणखीच पडायचा. मला तर दोघांचाही राग येत होता. डेझमंडचा राग सोपा होता, तो शिव्या देऊन निघायचा. विल्फचा निघत नव्हता. गावातल्या सगळ्यांना ज्यानं शिकवलं, त्यानंच! आणि माझा स्वतःचा राग मी कुणाजवळ काढणार होते?

एंटविसलबाई वाचल्या, पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. हात सतत थरथरायचे. शब्द अडायचे. टॉड गल्लीतलं घर सुटलं, आणि त्यांना म्हाताऱ्यांसाठीच्या बैठ्या घरांत खोली मिळाली. तिथे सगळं विजेवर. विल्फ तिकडे जायला धजत नव्हता. पुढच्या मे महिन्यात एकदा म्हणाला, "तू येशील का बरोबर?" मी गेले. त्यानं कोट इस्त्री केला होता, आणि हातात त्यांना आवडणाऱ्या स्वीट-पीच्या सुवासिक फुलांची जुडी होती.

मी दार वाजवलं. साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्यामागे विल्फला पाहिलं. मग फटीतून हात बाहेर आला, थरथरत, तळवा वर.

"कार्ड," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, भ्रमिष्टपणा आहे, जुनी सवय आहे. मी म्हटलं, "एंटविसलबाई, विल्फ आहे. भेटायला आलाय."

"दिसतोय. आंधळी नाही झाले." हात तसाच. "कार्ड, विल्फ."

"नाही माझ्याकडे," विल्फ म्हणाला. "काढून घेतलं त्यांनी."

"कार्ड नसेल त्याला दारातूनच वाटेला लावा, मग तो मी असलो तरी. कुणाचं वाक्य?"

"माझं."

"त्या दुसऱ्याकडेही मी मागितलं होतं. इथेच, असा हात बाहेर काढून." त्या शब्द शोधत थांबल्या. "तो म्हणाला, कार्ड राहिलं घरी, पण हे बघा. आणि तुझी सही दाखवली. सही उलटून बघायची असते, हे तू मला शिकवलं नव्हतंस, बाळा."

त्यांनी दार लावलं, साखळी काढली, आणि पुन्हा उघडून मला दंडाला धरून आत घेतलं. विल्फसमोर दार बंद झालं. आत त्यांनी किटली लावली. मी करते म्हटलं तर करू देईनात. दोन्ही हातांनी चहा ओतला; अर्धा कपात, अर्धा बशीत. दुसरा कप भरून माझ्यापुढे सरकवला.

"हा त्याला बाहेर नेऊन दे. आत नको."

विल्फ दाराबाहेरच्या बाकावर फुलं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं कप घेतला. बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला, आणि सगळा प्यायला.